सतरंज्यांचा हिमालय

पेडणेकरांना जेवायला बोलावणार असाल तर टेबलावर कापड घालू नका. पहिलं वाढून होईपर्यंत ते सभ्य गृहस्थासारखे बसतात. मग कापडावर दोन्हीकडे तळवे ठेवतात आणि एकमेकांकडे सरकवायला लागतात. मधलं कापड आधी थरथरतं, मग उचलतं, आणि तुमची आमटीची वाटी हळूहळू वर चढायला लागते. आपण घाबरून वाटीला हात घालावा तर ते आपल्यावरच ओरडतात. "हात नका लावू! हा उजवीकडे भारत, हा डावीकडे आशिया. मध्ये तुमचा आमटीचा समुद्र. दोन्हीकडून दाबल्यावर कुठे जाणार तो? वरच जाणार!"

आमच्या घरी हे तीन वेळा झालं आहे. तिसऱ्या वेळी आमटी माझ्या जावयाच्या मांडीवर गेली. लग्नानंतर तो पहिल्यांदाच जेवायला आला होता, त्यामुळे बिचारा पुसत पुसत हसत राहिला. पेडणेकर मात्र त्याच्या पँटकडे बघून म्हणाले, "दरड कोसळते ती अशीच."

डोंबिवलीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये हे गृहस्थ राहतात. वय बहात्तर, मूळचे वेंगुर्ल्याचे, शिक्षण दहावी. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका साड्यांच्या दुकानात अडतीस वर्षं मांडी घालून बसलेले. माझ्या लग्नाचा शालू आपणच दाखवला होता असं ते म्हणतात. मला दुकान आठवत नाही, त्यांना शालूची किनार आठवते, त्यामुळे मी वाद घालत नाही. दुकान सुटून दहा वर्षं झाली, पण जिभेवरचं दुकान बंद झालेलं नाही. हिमालयसुद्धा ते आपल्याला विकायला काढल्यासारखाच दाखवतात. "ताई, हा चुनखडीचा थर बघा. समुद्राच्या तळाचा माल आहे, आतमध्ये शिंपल्यांची बुट्टी आहे. घेऊ नका, नुसतं बघा!"

हे वेड लागलं सहा वर्षांपूर्वी. लेकीने आईवडिलांना हौसेने स्पितीच्या सहलीला पाठवलं. वाटेत दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि गाडी तीन तास एका जागी उभी राहिली. बाकीची मंडळी भेंड्या खेळत होती. पेडणेकर पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरले आणि समोरच्या कड्याकडे बघत राहिले. अख्खा डोंगर घडी घातलेला. एकावर एक थर, आणि सगळे थर वळून, मुडपून, उलटे होऊन परत स्वतःवरच चढलेले. ज्या माणसाने जन्मभर घड्या मोडल्या आणि घातल्या त्याला घडी ओळखायला काय वेळ लागतोय? पण दगडाची घडी घालणारा कोण, हे काही त्यांना कळेना. गाइडला विचारलं तर तो म्हणाला, अंकल, ऐसाही है.

परत आल्यावर लेकीने फोटो बघितले. दोनशेच्या वर होते, आणि सगळे दगडांचे. "माझा एक आहे म्हणे," पेडणेकरांच्या पत्नी, नलूताई, मला म्हणाल्या. "तोसुद्धा दगड केवढा आहे ते कळावं म्हणून मला शेजारी उभी केलेली."

मग पेडणेकर अभ्यासाला लागले. नातवाची भूगोलाची पुस्तकं झाली, वाचनालयातली झाली, एका निवृत्त प्राध्यापकांना तर त्यांनी भाजी मंडईत गाठून गाठून इतकं पिडलं की त्यांनी मंडईची वेळ बदलली. वर्षभरात माणूस तयार झाला. भारत नावाचा जमिनीचा प्रचंड तुकडा दक्षिणेकडून सरकत आला, मध्ये एक समुद्र होता, त्याच्या तळाशी गाळाचे थर साचले होते, भारत आशियाला भिडला आणि ते थर मध्ये सापडले. "पाच कोटी वर्षं झाली ताई, अजून ढकलतोच आहे. वर्षाला दोन-तीन बोटं. तुम्ही-आम्ही इथे डोंबिवलीत बसून उत्तरेकडे चाललोय!" हे ते इतक्या अभिमानाने सांगत, जणू ढकलण्यात त्यांचाही एक हात आहे.

एवढ्यावर थांबले असते तर कोणाशी वाकडं आलं नसतं. पण त्यांनी सह्याद्रीला हात घातला. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कोजागरीला, मसाला दूध पिता पिता, ते म्हणाले, "सह्याद्री वाईट माल नाही. पण तो घडीचा नव्हे, चळतीचा. लाव्हा आला, पसरला, थंड झाला. त्याच्यावर पुढचा. तागे रचल्यासारखे थर, रेघा सगळ्या आडव्या. त्याला कोणी ढकललंच नाही हो."

संघाचे अध्यक्ष कर्णिकसाहेब तिथेच होते. निवृत्त कार्यकारी अभियंता, वजन नव्वद किलो, आवाज त्याहून जड. उभी हयात सह्याद्रीचे गड चढण्यात गेलेली. त्यांनी पेला खाली ठेवला.

"म्हणजे सह्याद्री कमी आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

"कमी नाही साहेब. वेगळा माल आहे."

"माल?" कर्णिक म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवसापासून संघात पेडणेकर हे नाव निघालं की साहेबांचं कपाळ आडव्या रेघांनी भरून येई.

आणि पेडणेकरांना नेमकं संघाकडूनच काम होतं. त्यांना हॉल हवा होता. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे व्याख्यान असतं आणि वक्ते आणण्याचं काम साठी उलटताच माझ्या गळ्यात पडलेलं. पेडणेकरांनी तीन वेळा रीतसर अर्ज केला, विषय 'पर्वत कसे घडतात, प्रात्यक्षिकासह'. तिन्ही वेळा कर्णिकांनी तो माझ्याकडे परत सरकवला. "विषयाला अधिकारी व्यक्ती पाहिजे. उद्या कोणीही उठून बोलेल." मी नोकरीत बत्तीस वर्षं असले साहेब बघितलेत. तेव्हा नोकरी होती म्हणून गप्प बसले, इथे का बसले कोण जाणे, पण बसले खरी.

"तुम्हाला हॉलच कशाला हवा?" मी एकदा पेडणेकरांना विचारलं. "आमच्या टेबलावर चाललंय की छान."

"टेबलावर फार तर वाटी चढते, ताई. तेवढ्याने होत नाही. मोठं झालं पाहिजे. कवेत मावणार नाही एवढं. त्याला जागा लागते, गाद्या-सतरंज्या लागतात, दाबायला दहा-बारा माणसं लागतात. घरात नाही होत हो." बोलताना त्यांचा चेहरा इतका कासावीस झाला की मला हसायला आलं होतं ते मी गिळलं.

घरात त्यांनी काय कमी केलं? एकदा माझ्या चार खळ घातलेल्या सुती साड्या मागून नेल्या. एकावर एक ठेवल्या आणि दोन पाट लावून फटकन दाबल्या. कडक साडीला चरचरीत मोड पडली. मी किंचाळले. ते खूष. "बघितलंत? थंड, कडक माल घाईत दाबला की असा मोडतो. खडकाला भेग पडते ती अशी. आता गंमत बघा." पाणी शिंपडलं, गरम इस्त्री फिरवली आणि तीच साडी अगदी सावकाश दाबत आणली. ती मऊ वळत गेली. "खाली खोलवर गरम असतं, ताई. वरून ओझं असतं. आणि घाई अजिबात नसते. मग दगडसुद्धा वळतो." हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. साड्यांचं नुकसान मी त्या आवाजाला माफ केलं.

प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी नलूताईंची तपासणी असे. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला आठ वर्षं झाली. उजेड-अंधार तेवढा कळतो. बाकीचं सगळं त्या बोटांनी बघतात. भाजी निवडतात, फणसाचे गरे काढतात, माझ्या पदराला हात लावून "ही महेश्वरी, पण काठ नवा लावलायस" असं सांगतात. पेडणेकर त्यांचा हात धरून आपल्या हिमालयावर ठेवत. नलूताई चाचपत.

"ही उशी आहे," नलूताई सांगत. किंवा, "हे चुरगळलेलं पांघरूण. ह्याच्यासाठी एवढ्या लांब नेलंत मला?"

पेडणेकर सगळं आवरून ठेवत आणि आठवड्याने नवीन काहीतरी मांडत. मला राग यायचा. नवऱ्याच्या हौसेवर माणसाने किती पाणी ओतावं? एकदा मी बोललेसुद्धा, "नलूताई, खोटं खोटं का होईना, कौतुक करा की हो त्यांचं." त्या शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "खोटं केलं तर त्यांना लगेच कळेल. मला कळू दे तरी आधी, मग करते खरं."

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गुडघेदुखीवर व्याख्यान होतं. विषय गुडघ्यांचा म्हटल्यावर हॉल खच्चून भरला. साडेपाचची वेळ. पावणेसहाला डॉक्टरांचा फोन आला, मी घोडबंदर रोडवर अडकलोय. सव्वासहाला पुन्हा आला, अजून तिथेच आहे, मगाशी शेजारी जी बस होती तीच आत्ताही शेजारी आहे. शंभर-सव्वाशे म्हातारी माणसं चुळबुळायला लागली. कर्णिकसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चहा द्या आणि पाठवा सगळ्यांना घरी."

तिसऱ्या रांगेत पेडणेकर होते. नलूताई त्यांच्या शेजारी, शाल पांघरून. पेडणेकरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीनदा नाही ऐकलेल्या माणसाने चौथ्यांदा मागायचं नाही असं ठरवलेलं असावं. त्याचंच मला जास्त लागलं. मी माईक उचलला आणि अध्यक्षांना न विचारता जाहीर केलं, "डॉक्टर येईपर्यंत आपल्या संघाचे सदस्य श्री. दत्ताराम पेडणेकर आपल्याला हिमालय करून दाखवतील."

टाळ्या पडल्या त्या कंटाळा टळला म्हणून की काय, माहीत नाही. पेडणेकर मात्र ताडकन उठले. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी खुर्च्यांपुढची गाद्या-सतरंज्यांची बैठक उचलायला लावली. आधी सतरंजी, तिच्यावर गादी, मग योगवर्गाच्या चटया, पुन्हा सतरंजी, पुन्हा गादी. "बहिणींनो, शाली द्या! गाळाचा थर कमी पडतोय. कोणाची शाल कुठे जाणार नाही, अडतीस वर्षांत एक पदर हरवलेला नाही माझ्याकडून!" बायका हसत हसत शाली काढून देऊ लागल्या. दोन लांब बाकं आडवी पाडून दोन्ही टोकांना लावली. एका बाकाला भारत, दुसऱ्याला आशिया. इथे भांडण झालं. आशिया व्हायला कोणी तयार होईना.

"आम्ही का आशिया?" शिस्तीत मफलर गुंडाळलेले एक आजोबा म्हणाले. "आम्ही आयुष्यभर इथेच टॅक्स भरलाय!"

"आशियाला काही करायचं नाही, नुसतं जागेवर टिकायचं," पेडणेकरांनी समजूत घातली. "तेच अवघड आहे. अनुभवी माणसं पाहिजेत." मग आशियाकडे रांग लागली.

भारताने पहिला जोर लावला आणि सगळंच फसलं. गाद्या सुळकन सटकल्या, शाली एका बाजूला ओघळल्या, भारतातले दोघे तोंडावर आपटता आपटता वाचले. हॉल खदखदून हसला. कर्णिकसाहेब भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या मिशीखाली जे हसू आलं ते काही बरं नव्हतं.

पेडणेकर एकटे हसत नव्हते. ते ढिगाऱ्याकडे बघत होते, गिऱ्हाइकाने नाक मुरडल्यावर पुढची साडी कुठली काढावी याचा विचार करत असल्यासारखे. मग वळले. "चूक माझी. वरून ओझं नाही. खाली खोलवर खडकावर मैलभर खडकाचं ओझं असतं, म्हणून तो सटकू शकत नाही, वळतो. वजन पाहिजे." आणि त्यांची नजर हॉलभर फिरून जिथे थांबायची तिथे थांबली.

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "तुमच्याशिवाय होणार नाही."

आता सव्वाशे माणसं कर्णिकांकडे बघत होती. नाही म्हणावं तर भित्रा दिसतो, हो म्हणावं तर गाद्यांवर चढावं लागतं. साहेबांनी बूट काढले, शर्ट नीट केला आणि उद्घाटनाला निघाल्यासारखे जाऊन त्या चळतीच्या मधोमध मांडी घालून बसले.

"आता घाई नको," पेडणेकर म्हणाले. "भारत, अगदी हळू. पाच कोटी वर्षं आहेत आपल्याकडे. आशिया, टिका!"

भारत रेटू लागला. काही होईना. बाकं करकरली. मग चळतीच्या कडेला एक सुरकुती उठली, तिच्यामागे दुसरी, गादी सावकाश वळली, तिच्या पोटात सतरंजी शिरली, आणि कर्णिकसाहेब हलले. आधी किंचित पुढे, मग एक बोटभर वर. मग चार बोटं.

"अहो, वर चालले!" मागून एक आजी ओरडल्या. लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. कर्णिकांनी दोन्ही हातांनी गादी धरली होती. चेहऱ्यावरच्या आडव्या रेघा पुसल्या जाऊन तिथे मला एक शाळकरी पोरगं दिसलं.

"मी वर जातोय," ते अविश्वासाने म्हणाले. आणि मग त्या जड आवाजात, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं गरजले, "थांबू नका! रेटा! अजून रेटा!"

वीतभर गेले, दीड वीत गेले. टाळ्या, शिट्या, कोणीतरी चक्क जयजयकार केला. पेडणेकर त्या गोंधळात ओरडून सांगत होते, "आता साहेब उतरतील. वारा, पाऊस, बर्फ वरचा खडक झिजवून काढतात. आणि ओझं उतरलं की आतलं आणखी वर येतं!" कर्णिक उतरले, भारताने शेवटचा जोर केला आणि ती सगळी चळत घड्यांवर घड्या घालत कमरेएवढी उंच उठली. लाल, निळे, पांढरे थर वळून, मुडपून एकमेकांवर चढलेले. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. कर्णिकांनी पेडणेकरांचा हात धरून वर केला आणि म्हणाले, "अधिकारी व्यक्ती!" मला तर रडूच आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

पेडणेकरांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. "सोडू नका," त्यांनी बाकं धरलेल्यांना बजावलं. "दोन्हीकडून दाबून धरा. सोडलंत तर सपाट होईल." आणि ते तिसऱ्या रांगेकडे गेले.

नलूताईंना कोपराला धरून त्यांनी पुढे आणलं. हात डोंगरावर ठेवला आणि स्वतः मागे झाले. नलूताईंनी नेहमीसारखं चाचपायला सुरुवात केली. एक तळवा माथ्यावर, दुसरा कडेने खाली. बोटं थरांच्या फटीत शिरू लागली. "ही शाल. ही गादी. ही सतरंजी..." त्या थांबल्या. पुन्हा मागे गेल्या. "थांबा. ही सतरंजी तर खाली होती. ही वर कशी आली? उलटी होऊन गादीवर चढलीये ही!"

पेडणेकर पुढे वाकून त्यांची बोटं बघत होते.

"तिकडे गाडी अडली होती ना," नलूताई आमच्याकडे तोंड करून म्हणाल्या, हात तसेच ठेवून. "हे खाली उतरले, मग मला उतरवलं आणि माझा हात धरून नुसते उभे राहिले. मी विचारलं, काय आसा थंय? तर म्हणाले, डोंगर आसा. बस्स. जगातल्या बायकांना रंग न् रंग समजावून सांगितला ह्यांनी, आणि मला दोन शब्द."

"सांगताच येईना, नलू," पेडणेकर म्हणाले. "खूप प्रयत्न केला. येईनाच."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा वर्षं हा माणूस आम्हाला काही शिकवत नव्हता. तो बायकोसाठी एक डोंगर शोधत होता आणि आमची टेबलं, आमच्या साड्या, आमची आमटी वाटेत येत होती.

नलूताईंनी आवाज खाली आणला आणि त्या गावच्या बोलीवर आल्या. "आणि आमी खंयसर होतंव तेवा?"

दोघं तेव्हा कुठे उभे होते ते दाखवायला पेडणेकर गुडघे धरून खाली बसले, त्यांनाही बसवलं. त्यांचं बोट धरून त्यांनी अगदी तळाशी नेलं, जमिनीला लागून, जिथून सगळ्यात खालची सतरंजी वर चढायला लागते तिथे.

"हयसर."

नलूताईंनी एक बोट तिथेच ठेवलं आणि दुसरा हात वर न्यायला सुरुवात केली. पहिल्या घडीवरून, दुसऱ्या घडीवरून, उलट्या सतरंजीवरून. खाली बसल्यामुळे माथा त्यांच्या डोक्याच्या वर होता. जमिनीवरचं बोट न उचलता हात पुरा ताणला तरी तिथवर पोचेना.

"एवढो?"

"एवढो," पेडणेकर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि नलूताईंना ते आवाजावरून कळलं असणार, कारण त्यांनी जमिनीवरचं बोट उचलून त्यांच्या गालाला लावलं. दुसरा हात डोंगरावरच होता.

मधल्या वेळात मी आशियाकडे जाऊन बाक धरलं होतं. माझे दंड भरून आले होते. शेजारी कर्णिकसाहेब, अनवाणी, लालबुंद, खांदा लावून उभे. मफलरवाल्या आजोबांनी हळूच विचारलं, "सोडायचं का आता?"

"खबरदार," कर्णिक म्हणाले आणि त्यांनी पाय आणखी घट्ट रोवले.